रिओहाच्या नावाची वाटणी

दीड शतकाच्या मेहनतीतून स्पेनमधील रिओहा या द्राक्षप्रदेशाने जगभर नाव कमावले. आता वाइनची विक्री घटत असताना हे नाव नेमके कोणाचे, या प्रश्नावरून हा प्रदेश दुभंगला आहे. या वादाची मुळे सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका फसलेल्या प्रयोगापर्यंत जातात.

द्राक्षाचा घड रंग धरण्याआधीच तोडून मातीत टाकायचा आणि त्याची भरपाई सरकारी तिजोरीतून घ्यायची, ही वेळ कोणत्याही बागायतदाराला सुखाची नसते. २०२३ मध्ये उत्तर स्पेनमधील रिओहा या प्रसिद्ध द्राक्षप्रदेशावर ही वेळ आली. ‘हिरवी खुडणी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उपायाच्या जोडीला, तळघरांत साठून राहिलेल्या वाइनचे ऊर्ध्वपातन करून तिचा मद्यार्क करण्यासाठीही अनुदान देण्यात आले. ज्या प्रदेशाची वाइन वर्षानुवर्षे मुरवण्यासाठी ओळखली जाते, तेथेच ती नष्ट करण्यासाठी पैसे मोजावे लागले, हा विरोधाभास बोलका आहे.

मागणी घटली की किंमत पडते, हे बाजाराचे साधे गणित झाले. रिओहातील संकट तेवढ्यावर संपत नाही. मागणी घटल्यामुळे एक जुना प्रश्न नव्याने वर आला आहे. एका नावाखाली हजारो लोक आपला माल विकत असतील, तर त्या नावाचा मालक कोण? ते मोठे करणारे मोठे उत्पादक, त्यासाठी उतारावरच्या जुन्या वेली जपणारा लहान बागायतदार, की ज्या भूमीवरून ते नाव पडले ती भूमी?

एब्रोच्या काठी

रोमन लिपीत या नावात ‘जे’ हे अक्षर असले तरी स्पॅनिशमध्ये त्याचा उच्चार ‘रिओहा’ असा होतो. ओहा या लहानशा नदीवरून हे नाव पडले, असे सामान्यतः मानले जाते. प्रत्यक्षात या प्रदेशाचे पोषण केले ते एब्रो या मोठ्या नदीने. उत्तरेला सिएरा दे कान्ताब्रिया आणि दक्षिणेला सिएरा दे ला देमान्दा या पर्वतरांगांच्या मधोमध, पूर्व-पश्चिम सुमारे १०० किलोमीटर लांबीच्या या खोऱ्यात आज सुमारे ६६ हजार हेक्टरांवर वाइनच्या द्राक्षांची लागवड आहे. उत्तरेची रांग अटलांटिकवरून येणारे थंड व दमट वारे अडवते, तर पूर्वेकडून भूमध्य समुद्राची ऊब खोऱ्यात वर सरकत येते. या दोन हवामानांच्या सीमेवर रिओहा वसले आहे.

येथील वाइनच्या स्वभावातही ही सीमा उतरली आहे. पश्चिमेकडील रिओहा आल्ता हा उंचावरचा, थंड भाग. येथील वाइन दीर्घकाळ मुरणारी. एब्रोच्या उत्तर काठावरील रिओहा आलावेसा हा बास्क प्रांतात मोडणारा भाग चुनखडीयुक्त मातीचा, लहान लहान तुकड्यांत विभागलेल्या बागांचा. पूर्वेकडील भाग उष्ण आणि कोरडा. त्याचे नाव पूर्वी ‘रिओहा बाहा’, म्हणजे ‘खालचा रिओहा’ असे होते. ते नदीच्या उताराला धरून पडले असले, तरी ग्राहकाला त्यात खालच्या दर्जाचा भास होई. त्यामुळे काही वर्षांपूर्वी ते बदलून ‘रिओहा ओरिएन्ताल’, म्हणजे पूर्व रिओहा असे करण्यात आले. नावातील एका शब्दाचाही बाजारभावाशी संबंध असतो, याची येथील लोकांना पूर्ण जाणीव आहे.

लागवडीत वर्चस्व आहे ते तेम्प्रानिओ या काळ्या द्राक्षाचे. स्पॅनिशमध्ये ‘तेम्प्रानो’ म्हणजे लवकर; हे द्राक्ष लवकर पिकते म्हणून हे नाव. त्याच्या जोडीला उष्ण भागात बहरणारे गार्नाचा, रंग व आम्लता देणारे ग्रासिआनो आणि मासुएलो ही द्राक्षे असतात. पांढऱ्या वाइनसाठी प्रामुख्याने विऊरा वापरतात. १९८८ मध्ये येथील एका बागेत काळ्या तेम्प्रानिओच्या वेलीवर पांढरी द्राक्षे धरलेली एक फांदी आढळली. निसर्गाच्या त्या लहरीतून ‘पांढरा तेम्प्रानिओ’ ही स्वतंत्र जात तयार झाली.

पुढे जाऊ न दिलेला माणूस

येथे वाइन रोमन काळापासून होते. मध्ययुगात सान मियान दे ला कोगोया येथील मठांनी द्राक्षमळे सांभाळले. याच परिसरातील तेराव्या शतकातला कवी गोन्सालो दे बेर्सेओ हा कॅस्टिलियन भाषेतील नावानिशी ज्ञात असलेला पहिला कवी; आपल्या काव्याचे मोल म्हणून पेलाभर चांगल्या वाइनची अपेक्षा त्याने व्यक्त केल्याचे प्रसिद्ध आहे. सान्तियागोच्या तीर्थयात्रेचा मार्ग लोग्रोन्यो, नाहेरा या गावांवरून जात असल्याने वाटसरूंमार्फत या वाइनची वार्ता दूरवर पोहोचली. मात्र ही वाइन त्याच वर्षी पिण्याची होती. ती टिकत नसे आणि दूरच्या प्रवासात बिघडे.

हे चित्र बदलण्याचा पहिला ठळक प्रयत्न केला तो आलावा प्रांतातील लाबास्तिदा गावच्या मान्वेल किन्तानो या धर्मोपदेशकाने. फ्रान्समधील बोर्दो येथे जाऊन त्याने ओकच्या पिंपांत वाइन मुरवण्याची पद्धत अभ्यासली आणि १७८० च्या दशकात ती गावी आणली. त्याची वाइन समुद्र ओलांडून अमेरिका खंडापर्यंत न बिघडता पोहोचली. तंत्र यशस्वी झाले; व्यवस्थेने मात्र ते हाणून पाडले. त्या काळी गावातील वाइनचे दर स्थानिक अधिकारी ठरवून देत आणि दर्जा कसाही असला तरी दर एकच असे. पिंपांचा खर्च भरून काढण्यासाठी किन्तानोला अधिक दर हवा होता. शेजारच्या उत्पादकांचा त्याला विरोध होता. अखेरीस प्रयोग थंडावला. चांगल्या मालाला वेगळी ओळख आणि वेगळा भाव मिळावा की नाही, हा आजचा वाद त्याच मुलखात त्या वेळीच उभा राहिला होता.

पुढचे पाऊल पडायला सत्तर-ऐंशी वर्षे जावी लागली. १८५० च्या दशकात लुसिआनो दे मुर्रिएता यांनी नव्या पद्धतीने केलेली वाइन अमेरिका खंडाकडे रवाना केली. पुढे मार्केस दे रिस्काल यांनी एल्सिएगो येथे बोर्दोच्या धर्तीवर वाइनघर उभारले. १८६२ मध्ये आलावाच्या प्रांतिक सरकारने झाँ पिनो या फ्रेंच जाणकाराला बागायतदारांना शिकवण्यासाठी नेमले. लहान बागायतदारांना पिंपांचा खर्च पेलवेना. सरकारशी असलेला करार संपल्यावर पिनो रिस्काल यांच्याकडेच रुजू झाला. म्हणजे मुरवलेल्या वाइनचे तंत्र सार्वजनिक पैशाने आले आणि स्थिरावले ते भांडवलदारांच्या तळघरांत. रिओहाच्या समाजरचनेची घडी तेथेच बसली. द्राक्षे पिकवणारे हजारो, आणि ती विकत घेऊन, मिसळून, मुरवून विकणारी मोजकी घराणी.

दुसऱ्याच्या नाशातून भरभराट

या घराण्यांचे नशीब उघडले ते फ्रान्सवरील संकटामुळे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फ्रान्सच्या बागांवर आधी भुरी आणि मग फायलोक्सेरा ही वेलीच्या मुळांवर जगणारी सूक्ष्म कीड कोसळली. द्राक्षे संपलेले फ्रेंच व्यापारी पिरिनीज पर्वत ओलांडून रिओहात आले. १८६० च्या दशकात आलेल्या रेल्वेने आरो हे गाव बिल्बाओ बंदराशी जोडले गेले होते. या गावाच्या स्थानकाभोवती एकामागून एक वाइनघरे उभी राहिली. १८७७ मध्ये लोपेस दे एरेदिया, १८७९ मध्ये कूने, १८९० मध्ये ला रिओहा आल्ता. त्यांतील अनेक आजही तेथेच, रेल्वेरुळांलगत आहेत. आरोच्या रस्त्यांवर १८९० मध्ये विजेचे दिवे लागले. ते मिळवणाऱ्या स्पेनमधील पहिल्या काही गावांत त्याची गणना होते.

ही समृद्धी टिकली नाही. फ्रान्सने कलमी वेलींवर आपल्या बागा पुन्हा उभ्या केल्या, स्पॅनिश वाइनला मिळणारी करसवलत १८९२ मध्ये संपली आणि १८९९ मध्ये तीच कीड रिओहात पोहोचली. बहुतांश बागा वाळल्या, हजारो कुटुंबांनी स्थलांतर केले. कीड न बाधणाऱ्या अमेरिकी खुंटांवर कलमे बांधून बागा पुन्हा उभ्या करण्यात पुढची काही दशके गेली. आज सहाशेच्या आसपास वाइनघरे असलेल्या या प्रदेशाच्या स्मृतीत दोन्ही काळ जिवंत आहेत. बाजार फार तेजीत असतो, तेव्हाच जपून राहावे, हे शहाणपण मात्र प्रत्येक पिढीला नव्याने शिकावे लागते.

काळ मोजणारे लेबल

या पडझडीत रिओहाने एक दूरदृष्टीचे काम केले. भेसळ आणि बनावट मालाला आळा घालण्यासाठी १९२५ मध्ये नावासोबत हमीचा शिक्का आणि १९२६ मध्ये नियामक मंडळ अस्तित्वात आले. कोणत्या हद्दीतील द्राक्ष ‘रिओहा’ म्हणवून घेऊ शकते, हे ठरवण्याचा अधिकार या मंडळाकडे आला. १९९१ मध्ये स्पेनमधील सर्वोच्च श्रेणीचा मूळस्थान-दर्जा मिळवणारा हा देशातील पहिला प्रदेश ठरला.

मंडळाने ग्राहकाला दिलेले आश्वासन मुख्यतः काळाचे होते. ‘क्रिआन्सा’ म्हणजे किमान दोन वर्षे मुरलेली, त्यापैकी लाल वाइन एक वर्ष ओकच्या २२५ लिटरच्या पिंपात. ‘रेसेर्वा’ म्हणजे तीन वर्षे. ‘ग्रान रेसेर्वा’ म्हणजे पाच वर्षे, त्यांतील किमान दोन पिंपात. जगात अन्यत्र ग्राहकाला गावांची, मळ्यांची, घराण्यांची नावे पाठ करावी लागतात. रिओहाच्या ग्राहकाला बाटलीमागचे एक लहान लेबल पुरेसे होते. अमेरिकी ओकमुळे येणारा व्हॅनिलाचा मृदू गंध, तेम्प्रानिओची सौम्य फळचव आणि विकण्यापूर्वीच मुरवून ठेवल्यामुळे बाटली लगेच उघडण्याची सोय, यांमुळे परवडणाऱ्या भावात भरवशाची वाइन ही रिओहाची ओळख झाली.

हे यश सामूहिक शिस्तीचे होते, आणि त्याला न्यायालयीन मान्यताही मिळाली. रिओहाची वाइन प्रदेशातच बाटलीबंद व्हावी, या स्पेनच्या नियमाला बेल्जियमने आव्हान दिले होते. युरोपीय न्यायालयाने २००० मध्ये हा नियम ग्राह्य धरला. नावाची प्रतिष्ठा ही तेथील उत्पादकांनी एकत्रितपणे जपलेली ठेव आहे, आणि ती जपण्यासाठी असे बंधन घालता येते, असा त्या निकालाचा आशय होता. नावावरचा हक्क अमर्याद नसतो, हेही रिओहाला दुसऱ्या एका प्रकरणात कळले. अर्जेंटिनातही सोळाव्या शतकात वसवलेला, स्पेनमधील प्रदेशावरून नाव मिळालेला ला रिओहा प्रांत आहे आणि तेथेही वाइन होते. तेथील उत्पादकांनी हे नाव वापरू नये, ही स्पॅनिश मंडळाची मागणी अर्जेंटिनाच्या न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली.

गावाचे नाव का नको?

काळावर आधारलेल्या या व्यवस्थेत एक गोष्ट दुय्यम ठरली; ती म्हणजे भूमी. लागुआर्दियाजवळच्या उतारावरील ७० वर्षांच्या वेलीचे द्राक्ष आणि सपाट, सिंचित जमिनीवरील यंत्राने काढलेले द्राक्ष, दोन्ही तितकाच काळ पिंपात राहिले की लेबल एकच. पहिल्या वेलीचे उत्पन्न कमी, मेहनत जास्त. भाव मात्र दुसरीच्या स्पर्धेत ठरणार. मिसळून वाइन करणाऱ्या मोठ्या घराण्यांना यात अडचण नव्हती. स्वतःच्या बागेची वाइन स्वतः करणाऱ्यांना होती.

२०१५ च्या अखेरीस लागुआर्दियातील आर्तादी या नामांकित वाइनघराने रिओहाचे लेबल सोडले. स्वतःच्या मळ्याचे नाव आपल्याला अधिक मोलाचे वाटते, असा त्याचा सरळ अर्थ होता. २०१६ मध्ये रिओहा आलावेसातील उत्पादकांच्या ‘आब्रा’ या संघटनेने ‘आलावाचे द्राक्षमळे’ अशा स्वतंत्र मूळस्थान-नावाची मागणी पुढे केली. मंडळाने २०१७ मध्ये काही पावले मागे घेतली. गावाचे नाव लेबलावर ठळक छापण्यास वाव दिला आणि ‘विशिष्ट मळा’ अशी नवी श्रेणी निर्माण केली. वेली किमान ३५ वर्षांच्या, खुडणी हाताने आणि उत्पन्न सर्वसाधारण मर्यादेपेक्षा कमी, अशा तिच्या अटी आहेत. तिच्यात शंभराहून अधिक मळ्यांची नोंद झाली आहे.

तरीही वाद शमला नाही. २०२२ मध्ये बास्क सरकारने ‘आलावाच्या मळ्यां’ना तात्पुरते संरक्षण दिले. नियामक मंडळ त्याविरुद्ध न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्या संरक्षणाला पायबंद घातला. या वादाला राजकीय अस्तर आहेच. रिओहाची द्राक्षहद्द ला रिओहा, बास्क प्रदेश आणि नवारा या तीन स्वायत्त प्रदेशांत पसरलेली आहे, आणि स्वतःच्या नावाचा प्रश्न बास्क राजकारणात कधीच केवळ व्यापाराचा नसतो. परंतु केवळ राष्ट्रवादाचा खेळ म्हणून तो निकालात काढणे सोपे असले तरी योग्य नाही. आलावेसातील अनेक वाइनघरांचाही विभक्त होण्यास विरोध आहे. तर उरलेल्या रिओहातील अनेक लहान उत्पादकांना ‘आब्रा’चे गाऱ्हाणे आपलेच वाटते. मंडळात मते बागायतदार आणि वाइनघरे यांच्यात निम्मी-निम्मी वाटलेली आहेत. पण वाइनघरांच्या बाजूला वजन ठरते ते प्रामुख्याने विक्रीच्या प्रमाणावर. जो जास्त विकतो त्याचे मत जड, आणि जो जास्त विकतो त्याला गावाच्या नावाची गरज कमी, असे हे कोडे आहे.

वाढलेल्या बागा, आटलेले पेले

बाजार चढता होता तोवर हे कोडे सुटले नाही तरी चालत होते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ४० हजार हेक्टरांच्याही आत असलेली लागवड पुढच्या चार दशकांत ६६ हजारांवर गेली. विक्री मात्र २०१७ च्या सुमारास २८ कोटी लिटरच्या घरात होती, ती २०२३ पर्यंत २५ कोटींच्या खाली आली. स्पेनमध्येच वाइन पिणे घटले आहे. १९७० च्या दशकात दरडोई वर्षाला ७० लिटरच्या आसपास असलेले प्रमाण आता त्याच्या निम्म्याहून बरेच खाली आहे. नव्या पिढीच्या मेजावर बिअर आणि पांढरी वाइन अधिक दिसते; रिओहाच्या उत्पादनात लाल वाइनचा वाटा मात्र प्रचंड आहे. निर्यातीची सर्वांत मोठी बाजारपेठ असलेल्या ब्रिटनने २०२३ मध्ये मद्यार्काच्या प्रमाणावर कर आकारायला सुरुवात केली; तापत्या हवामानात अधिक साखर भरणाऱ्या द्राक्षांच्या वाइनला ते महागात पडते. अमेरिकेने २०१९ मध्ये विमानउद्योगाच्या वादात स्पॅनिश वाइनवर २५ टक्के जादा कर लावला होता. तो २०२१ मध्ये स्थगित झाला. २०२५ मध्ये युरोपीय मालावर पुन्हा १५ टक्के आयातशुल्क आले.

अशा वेळी पहिला फटका बसतो तो करार नसलेल्या बागायतदाराला. उत्पादनखर्चाहून कमी भावात शेतमाल खरेदी करण्यास स्पेनच्या कायद्याने मनाई केली आहे. पण कायदा विकल्या गेलेल्या द्राक्षाला आधार देतो. न विकल्या गेलेल्या द्राक्षाला तो काय देणार?

महाराष्ट्रातील वाचकाला हे चित्र अगदीच परके वाटू नये. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यानंतर नाशिक परिसरात वाइनच्या द्राक्षांची लागवड झपाट्याने वाढली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी ओसरली, तेव्हा अनेक शेतकऱ्यांनी त्या वेली उपटून टाकल्या. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी मिळालेली आहे. नोंदणी म्हणजे केवळ सुरुवात. त्या नावाचे नियम कोण ठरवणार आणि त्यातून येणारे पैसे बागेपर्यंत कसे पोहोचणार, हा खरा प्रश्न पुढेच असतो. रिओहाचा अनुभव त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे.

नावाची किंमत

फुटून निघणे हा आलावेसासाठी उपाय आहे काय? जगाच्या बाजारात नवे नाव रुजवायला दशके लागतात. मागणी घटत असताना शंभर वर्षांच्या नावावर पाणी सोडणे हा मोठा जुगार आहे. त्यात उरलेले रिओहा आपला सर्वांत नावाजलेला मुलूख गमावेल आणि लहान उत्पादकांच्या हाती अनोळखी लेबल येईल. दुसरीकडे, एकी टिकवायची म्हणून सर्वांना एकाच मापाने मोजत राहणे हाही मार्ग नव्हे. ज्या नावाखाली सर्वांत स्वस्त बाटली विकली जाते, त्याचा भाव हळूहळू तीच बाटली ठरवू लागते. मग उतारावरच्या जुन्या वेली तोट्याच्या ठरतात, त्या उपटल्या जातात आणि नावाला वजन देणारी भूमीच हातची जाते.

म्हणून तोडगा मंडळाच्या रचनेतच शोधावा लागेल. नवी लागवड थांबवणे आणि हेक्टरी उत्पन्नाची मर्यादा खाली आणणे हे उपाय सुरू आहेत; पण त्यांचा भार सपाट जमिनीवरच्या आणि उतारावरच्या बागायतदाराने सारखाच उचलावा, हे न्याय्य नाही. गाव आणि मळा यांना लेबलावर मिळालेली जागा निर्णयप्रक्रियेतही मिळायला हवी. विक्रीच्या लिटरांबरोबरच वेलींचे वय आणि बागेची जपणूक यांनाही मोल असेल, अशी व्यवस्था रिओहाने केली, तर वेगळ्या नावाची मागणी आपोआप सौम्य होईल.

सव्वादोनशे वर्षांपूर्वी लाबास्तिदाच्या किन्तानोला वेगळा दर नाकारणाऱ्यांना आपण गावाची एकी राखतो आहोत, असेच वाटले असणार. प्रत्यक्षात त्यांनी गावाची संधी दोन पिढ्या लांबवली आणि अखेरीस ती मोठ्या घराण्यांच्या पदरात पडली. तीच चूक पुन्हा करायची की नाही, एवढाच प्रश्न आज एब्रोच्या काठी उरला आहे.